मदत हवी आहे: एम.ए. असूनही म्हणतात मास्टर्स नाही!

शंकासुर: तातडीचं आहे. जर्मनीत पीएच.डी.साठी अर्ज केलाय. प्राध्यापक तयार, विषय ठरलेला. आणि कार्यालय म्हणतं, मास्टर्सची पदवी जोडलेली नाही. अहो, एम.ए.चं प्रमाणपत्र दोनदा पाठवलंय! शुक्रवारपर्यंत खुलासा द्यायचाय. कुणाला असा अनुभव?

चष्मिष: बी.ए. तीन वर्षांचं असणार. माझंही तेच झालं होतं. अमेरिकेत बॅचलर चार वर्षांची, त्यामुळे तिथे काही जण तीन वर्षांच्या पदवीला नाकं मुरडतात. मूल्यांकन करून घ्या.

वाटसरू: प्रश्न जर्मनीचा, उत्तर अमेरिकेचं. युरोपात पदव्यांची रचना जुळवून घेणाऱ्या १९९९च्या बोलोन्या करारानंतर तीन वर्षांची बॅचलर सर्रास चालते, १८० ईसीटीएस (युरोपभर चालणाऱ्या) श्रेयांकांची. शंकासुर, अनाबिनवर, म्हणजे परदेशी विद्यापीठं-पदव्यांच्या जर्मन यादीत, तुमचं विद्यापीठ एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते बघा.

कडुनिंब: करार नव्हे, जाहीरनामा.

उंटावरचा_शहाणा: आधी जर्मन भाषेची बी-वन (मधली) पातळी करून टाका. पुढे कामाला येतं.

शंकासुर: भाषेचं कुणी विचारलंय? विद्यापीठ एच प्लस आहे. आणि पदवी तीन नाही, चार वर्षांची आहे.

वाटसरू: चार वर्षांची कुठली, बी.ए.?

शंकासुर: बी.ए. नाहीच. बारावीनंतर थेट एम.ए.

चष्मिष: थेट?? देश कोणता?

शंकासुर: स्कॉटलंड. सांगितलं नव्हतं का?

कडुनिंब: घ्या! एडिनबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज, ॲबर्डीन या जुन्या विद्यापीठांत कला शाखेच्या पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात. तिथल्या पदव्यांच्या पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीत ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची ही पदवी, दहाव्या पातळीवर, खरं मास्टर्स अकराव्या. नाव मास्टर, दर्जा बॅचलर. कार्यालयाचं काही चुकलेलं नाही.

उंटावरचा_शहाणा: ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले तर बी.ए. झाल्यावर काही वर्षं थांबून, परीक्षा न देता एम.ए. घेतात. त्यांना कोण विचारतं?

चष्मिष: रशियात तर पीएच.डी.च्या तोडीची पदवी 'कँडिडेट', 'डॉक्टर' त्याच्याही वरची. आणि अमेरिकेतलं जे.डी. म्हणजे नावाला डॉक्टर, पण वकिलीची पहिलीच पदवी…

वाटसरू: रशियाहून परत या. शंकासुर, एम.ए. एम.ए. करून भांडू नका, हरालच. तुमचे २४० श्रेयांक आहेत, ते पुढे करा. काही जर्मन विद्यापीठं चांगल्या बॅचलरवाल्यांना पात्रता तपासून थेट पीएच.डी.ला घेतात, 'फास्ट ट्रॅक' म्हणतात त्याला. त्या विभागाच्या प्रोमोत्सिओन्सऑर्डनुंगमध्ये, म्हणजे पीएच.डी.च्या नियमावलीत, तशी सोय आहे का बघा. असेल तर विनंती प्राध्यापकांकडूनच जाऊ द्या.

कडुनिंब: नसेल तर एक वर्षाचं मास्टर्स. २४० अधिक ६० म्हणजे ३००, जर्मन मास्टर्सची बेरीजही साधारण तेवढीच असते.

शंकासुर: नियमावली सापडली, सोय आहे! फक्त 'उत्कृष्ट गुण' असं लिहिलंय. माझं ऑनर्स फर्स्ट नाही, टू-वन, म्हणजे त्याच्या खालच्या श्रेणीचं आहे. चालेल ना?

वाटसरू: हेही आत्ता सांगताय?