पोटरीवर बुटाचे स्टड, कार्ड पिवळं. नडगीवर स्टड, कार्ड लाल. हे कसं काय?

उत्तररात्र (धागालेखक)

ला लीगाच्या, म्हणजे स्पॅनिश फुटबॉल लीगच्या, जुन्या क्लिपा चाळताना दोन लागोपाठ समोर आल्या आणि डोकं पुन्हा तापलं.

पहिली १ फेब्रुवारी २०२५ची, एस्पान्योलच्या मैदानावरची. ०-० चालू होतं, रेआल माद्रिदचा एम्बापे चेंडू घेऊन सुसाट निघालेला. मागून एस्पान्योलचा कार्लोस रोमेरो आला. चेंडू त्याच्या आवाक्यातच नव्हता, पाय थेट एम्बापेच्या पोटरीवर. रेफरी मुन्यिस रुइसने पिवळं दाखवलं, व्हीएआर (व्हिडिओ बघणारे पंच) गप्प. पुढे ८५व्या मिनिटाला सामन्यातला एकमेव गोल कोणी केला? याच रोमेरोने.

दुसरी १३ एप्रिलची, अलावेसच्या घरची. आता पाय एम्बापेचा आणि नडगी अँतोनिओ ब्लांकोची. रेफरी सोतो ग्रादोने आधी पिवळं काढलं, व्हीएआरने बोलावलं, त्याने पडद्यावर पाहिलं आणि पिवळ्याचं लाल झालं.

मी माद्रिदवाला आहे, लपवत नाही. तरी माझ्या मते दोन्ही लालच. नियमात फार गुंतागुंत नाही: प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका पोचवणारा किंवा अवाजवी ताकदीने केलेला टॅकल म्हणजे बाहेर. हेतू काय होता, हे तिथे विचारलेलंच नाही. मग एकाच मोसमात, एकाच नियमाखाली, दोन निकाल कसे?

माझं उत्तर: रेफरी विकले गेलेत असं नाही, चाळणी चुकीची आहे. 'स्पष्ट आणि उघड चूक' असेल तरच व्हीएआर बोलणार. म्हणजे मैदानावरच्या माणसाने अर्ध्या सेकंदात जो रंग काढला, त्याचं पारडं आधीच जड. फेब्रुवारीत मुन्यिस रुइसने लाल काढलं असतं, तर तेही कोणी बदललं नसतं! जिथे दोन्ही रंग 'चालून जातात', तिथे सातत्य येणार कुठून? स्टड पायावर लागले की रेफरीने पडदा पाहायचाच, असा सरळ नियम करा. २०१८-१९पासून यंत्रणा आहे, मग ती वापरायला एवढा संकोच कशाला?

---

नाशिकचा क्युले

आलात का रडत! ३ फेब्रुवारीला तुमच्या क्लबने फेडरेशनला लांबलचक पत्र लिहिलं, अख्खी पंचव्यवस्था बदनाम झाल्याचं सांगितलं. हेताफे किंवा ओसासुनाच्या खेळाडूची पोटरी अशीच सोलली जाते, तेव्हा पत्र जातं का हो? तुमचं टीव्ही चॅनल दर सामन्याआधी त्या दिवशीच्या रेफरीच्या चुकांची चित्रफीत दाखवतं. परिणाम काय झाला ते एप्रिलमध्ये कोपा देल रे या स्पॅनिश कपच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दिसलं: रेफरी दे बुर्गोस बेंगोएचेआ पत्रकारांसमोर रडला. मुलाला शाळेत 'तुझा बाप चोर' म्हणतात, असं सांगत होता. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या रुडिगरने रेफरीच्या दिशेने बर्फ फेकला.

सातत्य हवंय म्हणे. तुम्हाला सातत्य नको, वचक हवाय.

---

उत्तररात्र

रुडिगरला सहा सामन्यांची बंदी झाली आणि ती योग्यच होती. चॅनलचा तो प्रकार मलाही किळसवाणा वाटतो. पण पंचसमितीच्या उपाध्यक्षाला, म्हणजे नेग्रेइराला, वर्षानुवर्षं पैसे कोणत्या क्लबकडून जात होते हो? तुमच्या बार्सिलोनाकडूनच! वचक म्हणे! असो, तो वेगळा धागा होईल. पोटरीवर बोला.

---

नियमावली

दोघांनी जरा पाणी प्या.

धागालेखकाचा नियम ऐकायला छान आहे, चालवायला अशक्य. स्टड पायाला लागणं दर सामन्यात पाच-सहा वेळा तरी होतं. प्रत्येक वेळी पडदा गाठला तर सामना तीन तास चालेल. शिवाय संथगतीत काहीही भयानक दिसतं. घोटा जरासा मुरगळला तरी गोठवलेल्या चित्रात तो तुटल्यासारखा वाटतो. म्हणूनच टॅकलची तीव्रता खऱ्या वेगात बघायची, संथगती फक्त पाय कुठे लागला ते समजायला, असा संकेत आहे. तुमच्या नियमाने कार्डं वाढतील. सातत्य वाढेलच असं नाही, कारण पडद्यासमोर बसणारा माणूसच आहे.

आणि अलावेसची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच सामन्यात अलावेसच्या मानू सांचेझलाही व्हिनिसियसला पाडल्याबद्दल लाल दाखवलं होतं. एकच रेफरी, एकच सामना, दोन्ही बाजूंना तोच रंग. याला सातत्यच म्हणतात ना? ते मात्र क्लिपांत दिसत नाही, कारण त्यावर कोणी चिडत नाही.

---

पटाशी

+१. रोमेरोचं लाल होतं, एवढंच म्हणा आणि विषय संपवा.

---

जुनाट प्रेक्षक

पोरांनो, तुम्ही कशावर भांडताय! सप्टेंबर १९८३, काम्प नोउ. बार्सिलोना जिंकत होतं, आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओच्या गोइकोएचेआने मागून येऊन त्यांच्या मॅराडोनाचा घोटा मोडला. कार्ड? पिवळं! याच गड्याने त्याआधी बार्सिलोनाच्याच शुस्टरचा गुडघा निकामी केला होता. मॅराडोना साडेतीन महिने बाहेर. नंतर समितीने लांब बंदी घातली, मग ती कमीही केली. गोइकोएचेआने तो बूट काचेच्या पेटीत जपून ठेवला. त्या मोसमाचं विजेतेपद कोणाला? बिल्बाओलाच. मे १९८४च्या कोपा फायनलनंतर, राजासमोर, दोन्ही संघ एकमेकांना लाथा घालत होते, आणि त्या उन्हाळ्यात मॅराडोना नापोलीला निघून गेला.

त्या काळी एम्बापेसारखा खेळाडू मोसमभर टिकला असता का? आज निदान 'लाल की पिवळं' यावर वाद होतो. आमच्या वेळी वाद 'फाउल होता का' इथपासून सुरू व्हायचा. पूर्ण सातत्य कधीच येणार नाही. थोडं कमी मोडतं आहे, यातच समाधान माना.

---

शाहूपुरी रिटर्न

काका, 'आमच्या वेळी' हा युक्तिवाद नको. त्या हिशोबाने हेल्मेटही नको.

मी कोल्हापुरात पोरांच्या स्पर्धांना शिट्टी वाजवतो. पेठेतल्या दोन तालमींचा सामना असला की मैदानाबाहेरूनच निम्मे निकाल लागतात, त्यामुळे त्या स्पॅनिश रेफरींबद्दल मला जरा माया आहे. मागून आलेला टॅकल आपल्या कोनातून खरंच कळत नाही. कळतो तो आवाज. त्यावर रंग ठरवायचा.

पण भावांनो, तुम्ही कार्डावर अडकलाय. खरा घोळ कार्डानंतर आहे. २००९मध्ये रेआलच्या पेपेने हेताफेच्या कास्केरोला जमिनीवर पाडून लाथा घातल्या, दहा सामने बंदी. ठीक. २०१०मध्ये उयफालुशीने मेस्सीच्या घोट्यावर पाय दिला: थेट लाल, दोन सामने. एम्बापे: एक. रोमेरो: शून्य, वर गोल!

आणि जेद्दामधली २०२०ची स्पॅनिश सुपर कप फायनल आठवा. ११५व्या मिनिटाला अ‍ॅटलेटिकोचा मोराता एकटा गोलकडे निघाला, रेआलच्या वाल्वेर्देने मागून आडवा केला. लाल मिळालं, पण रेआलने पेनल्टीवर कप उचलला. सामनावीर? वाल्वेर्दे. खुद्द अ‍ॅटलेटिकोचा प्रशिक्षक सिमेओनेने त्याच्या डोक्यावर टपली मारली, तुझ्या जागी कोणीही हेच केलं असतं म्हणून. फाउलचा हिशोब नफ्यात जात असेल, तर लाल कार्ड ही शिक्षा उरत नाही, किंमत होते. आणि परवडणारी किंमत.

माझं मत: ज्याने पाडलं त्याला, पाडलेला बरा होईपर्यंत बाहेर बसवा.

---

नियमावली

हे तर आणखी धोक्याचं. एम्बापे फेब्रुवारीत उठून पुढे खेळला. तुमच्या नियमाने रोमेरोला पुन्हा शून्यच! शिक्षा कृत्याला की हाडाच्या मजबुतीला? शिवाय प्रत्येक डॉक्टरच्या दाखल्यावर दोन क्लब भांडतील.

---

शाहूपुरी रिटर्न

हां, ते दाखल्याचं खरं आहे. आमच्याकडे पैल्या दिवशीच प्लास्टर घालून येतील. मग किमान चार सामने ठेवा, चेंडू आवाक्यात नसताना मागून मारल्यास. दुखापत होवो न होवो.

---

मीठमसाला

सगळे पुरुष पोटऱ्यांत गुंतलेत म्हणून एक आठवण करून देते. रोमेरोच्या त्या टॅकलनंतर दोनच आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला, ओसासुनाविरुद्ध रेआलच्या बेलिंगहॅमला थेट लाल मिळालं. कशासाठी? तोंडातून गेलेल्या इंग्रजी शिवीसाठी. ती रेफरी मुनुएरा मोन्तेरोला उद्देशून होती की नुसतीच हवेत, यावर आठवडाभर काथ्याकूट. बंदी दोन सामन्यांची.

म्हणजे दराचा तक्ता असा: शिवी, लाल आणि दोन सामने. स्टड, पिवळं. मला रेफरीचा मान राखायचाच आहे, पण पायापेक्षा अहंकार नाजूक कसा?

अवांतर: नाशिककर, मी बार्सावाली आहे. त्यामुळे 'रडत आलात' हे मला लागू नाही.

---

नाशिकचा क्युले

ताई, हे मात्र मान्य. चार सामन्यांचं कलमही मान्य. पत्र मात्र अमान्यच.

---

नियमावली

चार सामन्यांना माझीही हरकत नाही, कारण त्यात पडदा नाही. रोमेरोचं लाल होतं, हेही मान्य.

एकच प्रश्न, उत्तररात्र, खरं सांगा. १३ एप्रिलला अलावेसचा सामना थेट बघताना, व्हीएआरने बोलावण्याआधी, एम्बापेच्या त्या टॅकलवर तुम्ही काय ओरडलात?

---

उत्तररात्र

'चेंडू लागलाय, चेंडू लागलाय.' आणि पिवळं पण कशाला, असं.

बायकोने विचारलं, कोणाला सांगतोयस?