पोळी-भात सोडला म्हणून गोळ्याही फेकायच्या?

घोडबंदरकर:
काल ‘गोडनको’ यांनी लिहिले की पोळी-भात बंद करून त्यांचे एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ९.१ वरून ६.४ वर आले, तेव्हा इच्छाशक्ती असलेल्याने मधुमेहाच्या गोळ्या फेकून द्याव्यात. पूर्वार्धाबद्दल त्यांचे अभिनंदन, पण उत्तरार्धामुळे लिहिणे भाग पडले. माझ्या वडिलांनी असाच सल्ला वाचून पोळी-भात एका दिवसात सोडला, ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू ठेवले, आणि तिसऱ्या सकाळी तलावपाळीवर फिरताना त्यांना दरदरून घाम फुटून जीभ अडखळू लागली. चहावाल्याने चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, त्यानंतरही मीटरवर साखर जेमतेम ६१ दिसत होती. ती गोळी ताटात काय आहे हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी घेणाऱ्याने कर्बोदके (पोळी-भातातला पिष्टमय भाग) एकदम तोडली, तर मीटरवर फारशी साखर दिसत नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लद्रव्ये) साचून जिवावर बेतू शकते.

गोडनको:
आपल्या वडिलांची साखर गोळीने पाडली, म्हणजे आपण माझाच मुद्दा सिद्ध केलात. बारा वर्षे माझ्या प्रत्येक भेटीत एक गोळी वाढली आणि आहाराच्या छापील कागदावर ‘दोन पोळ्या, एक वाटी भात, चार मारी बिस्किटे’ हेच राहिले. दोन पोळ्यांनंतर दोन तासांनी साखर २१०, पनीर आणि मेथीनंतर १३८. हे मला माझ्या मीटरने शिकवले, डॉक्टरांनी नव्हे.

नेरूळचा आगरी:
भातालाच आरोपी का करता? आमचे आजोबा दोन्ही वेळा तांदळाची भाकरी नाहीतर भात आणि कालवण जेवत, पण दिवसभर शेतात आणि मिठागरात राबत. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, पुढची पिढी खुर्चीत बसली, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. वर घाटावरची मंडळी येऊन ज्वारी म्हणजे जणू औषध असल्यासारखे आम्हाला शिकवतात!

ऐरोलीची सोलापूरकरीण:
शिकवत नाही, पण भाकरीला नावे ठेवलेली खपवून घेणार नाही. ज्वारीत तंतू आहेत आणि एका भाकरीवर पोट भरते. पांढरा भात तीन वेळा वाढून घेतला जातो.

नेरूळचा आगरी:
तीन वेळा कोण वाढून घेतो, ते पाहायला आमच्या घरी आला होतात का?

ऐरोलीची सोलापूरकरीण:
बरे, शब्द जास्त झाला. आणि आता विषय निघालाच आहे, तर सांगते की काल पीठ वजन करून घेतले. एका भाकरीला ६० ग्रॅम लागले, त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके. दोन भाकऱ्या खाऊन मी ‘पथ्य’ पाळत होते.

घोडबंदरकर:
ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेहाच्या गोळ्या सुरुवातीलाच थांबवल्या होत्या, हे ‘गोडनको’ यांच्या बाजूने नोंदवतो. वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांविना आटोक्यात होती. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन घेणारे त्यात नव्हते आणि सारे वैद्यकीय देखरेखीखाली चालले होते. शिवाय जेवणाऐवजी त्यांना दिलेल्या, रोजच्या सुमारे ८५० कॅलरींच्या पेयात निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांचीच होती. गुण आला तो वजन उतरल्याने.

गोडनको:
माझेही अकरा किलो उतरले, हे लिहायचे राहिले होते. ‘फेकून द्याव्यात’ हे शब्द मागे घेतो. डॉक्टरांना विचारून कमी कराव्यात असे वाचावे. मारी बिस्किटांबद्दलचा एकही शब्द मागे घेत नाही.