सायटिका – गोळ्या न घेता काय करता येईल? (मदत हवी आहे)

वनाजचा वाटसरू
तीन आठवडे झाले. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. गोळ्यांनी ॲसिडिटी होते, त्यामुळे त्या नकोत. व्यायाम रोज चालू आहे, तरी फरक शून्य. सोमवारपासून ऑफिस आहे. 'डॉक्टरांना दाखवा' सोडून काहीतरी सांगा.

पेठेतली
वय? मुंग्या कुठपर्यंत? खोकल्यावर चमक येते का? बसल्यावर वाढतं की चालल्यावर? आणि 'व्यायाम' म्हणजे नेमका कोणता?

कापूसच बरा
फोमची गादी काढा आधी. पिंजाऱ्याकडून कापसाची भरून घ्या, आठ किलोची.

मणका चार-पाच
गादी नंतर. आधी ताकद बघा. टाचांवर दहा पावलं चाला. मग भिंतीला बोट टेकवून, एकट्या डाव्या पायावर दहा वेळा टाच उचला. टाचांवर चालताना चवडा खाली पडला किंवा अंगठा वर उचलला जात नसेल, तर सहसा एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणारी नस. टाच उचलली जात नसेल तर एस-वन, तिच्या खालची. ताकद गेली असेल तर घरचे प्रयोग बंद. दोन्ही पायांत कळ, लघवी अडकणं, किंवा स्कूटरच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर सरळ इमर्जन्सी. सकाळची वाट बघायची नाही.

वनाजचा वाटसरू
३८. बसल्यावर वाढतं, उभं राहिल्यावर बरं. मुंग्या मागून बाहेरच्या घोट्यापर्यंत. खोकल्यावर चमक येते. दोन्ही चाचण्या जमल्या. आता उपाय सांगाल का?

तैलधारा
आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. कटिबस्ती करा. उडदाच्या पिठाची पाळ कमरेवर, आत कोमट तेल, अर्धा तास.

मणका चार-पाच
शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, तेवढ्यापुरतं खुशाल करा. पण तेल चकतीपर्यंत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ गादीपर्यंत, पोचत नाही.

@वाटसरू, लक्षणं चकतीकडे बोट दाखवतात, बहुधा एस-वनची नस. पालथे पडा, पाच मिनिटं. मग कोपरांवर दोन-तीन मिनिटं. मग तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती उचला. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. हे भुजंगासन नव्हे! पाठीने उचलायचं नाही, सगळा भार हातांवर. कुल्ले आवळले की फायदा जातो. ओटीपोट चटईवर लोंबू द्या आणि वर पोचल्यावर श्वास सोडा. कळ घोट्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत अशी वर सरकली तर दिशा बरोबर, कंबर जास्त दुखली तरी. पावलाकडे उतरली तर लगेच थांबा.

चालता बोलता
हे सरसकट सगळ्यांना सांगू नका. साठीच्या पुढे बऱ्याचदा मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते. चालल्यावर पाय भरून येतात, पुढे वाकलं की बरं वाटतं. अशांना मागे वाकवलं तर दुखणं वाढतं.

मणका चार-पाच
मान्य. म्हणूनच पेठेतलीने वय विचारलं होतं.

टेकडीवर भेटू
रोज वेताळ टेकडी चढा, महिन्यात मोकळे व्हाल.

चालता बोलता
चढावर माणूस पुढे झुकतो. सध्या सपाटीवर, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चारदा. पडूनही राहू नका.

आईचं विचारते
माझ्या आईची टाच दुखते, सकाळी पहिली पावलं टाकताना. हेच चालेल?

पेठेतली
नाही, ते वेगळं. दुसरा धागा काढा. @वाटसरू, व्यायाम कोणता ते अजून सांगितलेलं नाही.

वनाजचा वाटसरू
उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासन. पुढे वाकून पायाचे अंगठे धरून दोन मिनिटं, शिरा मोकळ्या व्हाव्यात म्हणून. मग स्कूटरने खराडी.

मणका चार-पाच
मग फरक पडणार कसा? रात्री आडवं असताना चकती पाणी शोषून फुगते. उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकलं की तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. आणि चिडलेली नस म्हणजे रबर नव्हे. ओढली की आणखी चिडते. ते आसन आजपासून बंद. बूट खुर्चीत बसून नको, पाय स्टुलावर ठेवून घाला.

कळ गुडघ्याच्या वर आली की नस सरकवा. खुर्चीत ताठ बसून गुडघा सरळ करताना मान वर, वाकवताना हनुवटी छातीकडे. दहा वेळा. ताण जाणवण्याआधी परत फिरा, धरून ठेवू नका.

वनाजचा वाटसरू
एमआरआय?

चालता बोलता
ताकद शाबूत असेल तर घाई नको. न दुखणाऱ्यांच्याही चकत्या फुगलेल्या दिसतात. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर बघा.

पेठेतली
आणि स्कूटर? स्पीडब्रेकरवर पाठ वाकलेली आणि खालून दणका. वनाजवरून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, पुढे रिक्षा.

कापूसच बरा
वनाजला पार्किंग मिळतं का पण?

वनाजचा वाटसरू
पार्किंगचं बघतो. मेट्रोत बसायला जागा मिळते साधारण.

पेठेतली
मिळाली तरी बसू नका.