युती, योग आणि युक्त: पत्रिकेतले तीन शब्द

शंका: माझ्या पत्रिकेत 'चंद्र-शनी युती' असं लिहिलंय आणि त्याखाली 'विषयोग'. युती आणि योग एकच का? आणि दोन ग्रहांची युती आहे म्हणजे त्यांचं आपसांत पटतं असं धरायचं का?

उत्तर: आधी 'पटतं का' हे घेतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. हा अर्थ पक्षांच्या युतीतून आलेला आहे. पक्षांची युती बोलणी करून होते, फिसकटते, पुन्हा जुळते. ग्रह काही ठरवत नाहीत. पृथ्वीवरून पाहताना दोघांचे भोगांश, म्हणजे राशिचक्रावरची अंशांतली जागा, सारखे आले की युती झाली. 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी आकाशात अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ दिसले, पण प्रत्यक्षात त्यांच्यात 70 कोटी किलोमीटरहून जास्त अंतर होतं. म्हणूनच 'मंगळाने राहूशी युती केली' हे वाक्य मला खटकतं. युती होते, किंवा ग्रह युतीत असतो. 'करणं' तिथे बसत नाही.

शब्दाचं मूळ पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. युत, युती हे 'यु' धातूपासून आले आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, त्याचा अर्थ 'मिश्रणे अमिश्रणे च' असा दिलाय. मिसळणं आणि वेगळं करणं, दोन्ही! मैत्रीचा त्यात मागमूस नाही. योग आणि युक्त हे 'युज्' म्हणजे जोडणे या दुसऱ्या धातूचे.

सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ग्रहयुतीचा वेगळा अध्याय आहे आणि त्याची सुरुवातच शब्द वाटून देण्याने होते. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे एकमेकांजवळ आले तर युद्ध किंवा समागम. चंद्राबरोबर आले तर समागम. सूर्याबरोबर आले तर अस्त. युद्धाचेही प्रकार आहेत: बिंबं नुसती टेकली तर उल्लेख, एकाने दुसऱ्याला झाकलं तर भेद, किरण एकमेकांत मिसळले तर अंशुविमर्द. किती बारीक पाहिलं होतं या लोकांनी! आज आपण या सगळ्यांवर 'युती' हा एकच शिक्का मारतो आणि मग सगळ्या युतींना एकच फळ लावतो. रवी-बुध आणि चंद्र-शनी या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत.

आता अंशांचं. पत्रिका सांगताना 'युती' बहुतेक वेळा एका राशीत असण्याला म्हणतात. गुरू-शनीचंच बघा. गुरू 20 नोव्हेंबर 2020 ला मकरेत आला आणि 6 एप्रिल 2021 ला कुंभेत गेला. शनी तेव्हा मकरेतच होता. त्या साडेचार महिन्यांत जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या पत्रिकेत 'गुरू-शनी युती' लिहिलेलं सापडेल. पण डिसेंबरअखेरीस जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत दोघांत जेमतेम एक अंश आहे, तर एप्रिलच्या सुरुवातीच्या मुलाच्या पत्रिकेत जवळजवळ बारा. शब्द तोच, वस्तुस्थिती निराळी. उलट बाजूही आहे: रास 30 अंशांची, त्यामुळे एक ग्रह मेषेच्या 29 अंशांवर आणि दुसरा वृषभेच्या 1 अंशावर असेल, तर दोन अंशांवर शेजारी असूनही राशीच्या हिशेबाने त्यांची युती नाही. म्हणून मी नेहमी 'अंशात्मक युती' आणि 'एकराशिगत' असे दोन वेगळे शब्द वापरतो.

एकदा एका मुलीने माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर लाल शाईने 'अंगारक योग' (मंगळ-राहू एकत्र) लिहून दोनदा अधोरेखित केलेलं होतं. तिचे हात थरथरत होते. मी स्पष्टग्रहांचा, म्हणजे ग्रहांच्या नेमक्या अंशांचा, तक्ता काढला: मंगळ 2 अंश, राहू 27 अंश. एकाच घरात, पण मध्ये पंचवीस अंश. तो तक्ता त्याच कागदाच्या मागे छापलेला होता आणि तो कुणी उलटून पाहिलाच नव्हता. मला आजही त्याचा राग येतो.

युती आणि योग एक नाहीत. युती ही स्थिती आहे. योग म्हणजे ठरावीक स्थितीला शास्त्राने दिलेलं नाव, आणि त्यासाठी युती लागतेच असंही नाही. गजकेसरीत गुरू चंद्रापासून केंद्रात हवा, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी. चारांतली एकच स्थिती युतीची. (पंचांगातले विष्कंभ, प्रीती वगैरे 27 योग अगदीच वेगळे, ते रवी-चंद्राच्या भोगांशांच्या बेरजेवरून येतात.)

तुमच्या विषयोगाबद्दल: चंद्र दर महिन्याला शनीच्या राशीतून जातो आणि तिथे सुमारे सव्वादोन दिवस असतो. म्हणजे ढोबळमानाने दर बारा माणसांत एकाच्या पत्रिकेत हे दोघं एकत्र असणारच. तीन अंशांच्या आतली जवळीक मात्र दर महिन्यात जेमतेम अर्धा दिवस टिकते. तेव्हा आधी तुमचे अंश बघा. मग राशी आणि स्थान. शनी तुळेत असणं आणि मेषेत असणं यात उच्च-नीचाचा फरक आहे, आणि चंद्र शुक्ल पक्षातला की क्षीण, हेही पाहायला हवं. नावाला घाबरू नका, नाव शेवटी येतं.

शंका: 'शनियुक्त चंद्र' आणि 'चंद्रयुक्त शनी' यांत फरक आहे का?

उत्तर: आहे, आणि तो फार कामाचा आहे. 'शनियुक्त चंद्र' म्हटलं की विचार चंद्राचा चाललाय: मन, आई. शनी तिथे विशेषण आहे. 'चंद्रयुक्त शनी' म्हटलं की शनी ज्या स्थानांचा स्वामी आहे त्यांचा विचार. 'चंद्र-शनी युती' या जोडशब्दात हा कर्ता हरवतो आणि ऐकणाऱ्याला सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. सांगणाऱ्याने कोणत्या ग्रहाबद्दल बोलतोय ते वाक्यातच आणावं.

जाता जाता, गुरू-राहू एकत्र असले की 'चांडाळ योग' म्हणतात. एका समाजाचं नाव दोष म्हणून वापरणं मला पटत नाही. मी 'राहुयुक्त गुरू' म्हणतो. अर्थामध्ये काहीच कमी पडत नाही.

शंका: युति की युती?

उत्तर: मराठीत एकटा शब्द 'युती', दीर्घ. समासात आधी आला तर ऱ्हस्व: युतिकाल, युतिफल.