'इन्टू द अ‍ॅबिस' आणि फाशी मागणारे 'रक्तपिपासू'

शिरीष_सातारा:
परवा इथे एकाने वेर्नर हेर्झोगच्या 'इन्टू द अ‍ॅबिस' (२०११) या माहितीपटावर लेख टाकला. शेवटचं वाक्य असं, की हे बघूनही जो फाशी मागेल तो रक्तपिपासूच. तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माहितीपट मीही बघितलाय. २००१ साली टेक्सासमधल्या कॉनरोत दोन पोरांनी एका लाल कॅमारो गाडीपायी तीन जीव घेतले. घरात असलेली नर्स, तिचा सोळा वर्षांचा मुलगा आणि मुलाचा मित्र. पोलिसांनी त्या घरात केलेलं चित्रीकरण त्यात दाखवलंय. स्वयंपाकघरात ट्रेवर कुकीजच्या पिठाचे गोळे मांडलेले, टीव्ही तसाच चालू, आणि रक्ताचे डाग. बाईचं प्रेत तळ्यात टाकून दिलं होतं. लेखात यातलं काही नाही. त्या दोघांतल्या मायकल पेरीचं हसू, त्याचा पोरगेला चेहरा, मरणाच्या आठ दिवस आधीची मुलाखत, यावर मात्र परिच्छेदच्या परिच्छेद.

त्याच माहितीपटात त्या नर्सची मुलगी बोलते. आई गेली, भाऊ गेला. फोन वाजला की वाईट बातमीच येते म्हणून तिने फोन काढून टाकला होता. पेरीला विष टोचताना ती समोर हजर होती आणि नंतर मनावरचं ओझं उतरलं असं ती स्वच्छ सांगते. तीही रक्तपिपासू का?

माझ्या मावशीच्या मुलाचा खून झाला. आरोपी जामिनावर बाहेर आहे, बाजारात समोरून येतो. भावाची मोटरसायकल मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या मागे उभी आहे. सीट उंदरांनी कुरतडलीय, चाकांतून घाणेरीचं झुडूप वर आलंय. माहितीपटात ती कॅमारोही अशीच पोलिसांच्या आवारात पडून आहे, खालून झाड उगवलेली. ते दृश्य आलं तेव्हा मला पुढचं काही वेळ दिसलं नाही. मावशी फाशी मागते. तिला कुणी रक्तपिपासू म्हणायचं नाही.

ऋता:
शिरीष, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटतं आणि तो शब्द चुकीचाच होता. पण लेखावरचा राग माहितीपटावर काढू नका. हेर्झोग सुरुवातीलाच पेरीला तोंडावर सांगतो की तू मला आवडलाच पाहिजेस असं नाही, पण माणसाला मारू नये असं माझं मत आहे. पेरी निर्दोष आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत तो पडतच नाही. गुन्हा केलेल्या माणसालाही सरकारने मारावं का, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

आणि फ्रेड अ‍ॅलनला तुम्हीही गाळलंत. हन्ट्सव्हिलच्या तुरुंगात कैद्याला टेबलाशी बांधणाऱ्या पथकाचा तो प्रमुख. सव्वाशेच्या आसपास माणसं त्याच्या हाताखालून गेली. १९९८ मध्ये कार्ला फे टकर या बाईला विष टोचलं, त्यानंतर तो कोसळला आणि पेन्शनवर पाणी सोडून बाहेर पडला. तो काही मानवाधिकारवाला नव्हता.

भालचंद्र_काका:
ऋता, तू त्या वेळी जन्मलीही नसशील. १९७६-७७ चं पुणं आम्ही काढलंय. जोशी-अभ्यंकर. भांडारकर रस्त्यावर एका घरातली पाच माणसं एका रात्रीत संपवली. दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. आमच्या वाड्यात कडी वाजली तर आतून आधी नाव विचारायचे, आवाज ओळखीचा वाटला तरी वडील खिडकीतून बघितल्याशिवाय दार उघडत नसत. आई रात्री उशाशी वरवंटा घेऊन झोपायची. मारणारे चौघेही कॉलेजातली पोरं निघाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी दिली, तेव्हा कुठे पुण्याने श्वास सोडला. हेर्झोग त्या वाड्यात राहिला असता तर त्याने वेगळा माहितीपट काढला असता.

ऋता:
काका, पुण्याने श्वास सोडला तो १९७७ मध्ये ते पकडले गेले तेव्हा. फाशी सहा वर्षांनी झाली. ते गजाआड गेल्यापासून फाशीपर्यंत तुमची आई वरवंटा घेऊन झोपत होती का?

भालचंद्र_काका:
नव्हती. पण म्हणून फाशी नको होती असं कुणी म्हणत नव्हतं. आणि सहा वर्षांत निकाल तरी लागला! आज काय चाललंय? कोल्हापूरच्या त्या गावित बहिणी. लहान पोरं पळवून आणून मारली. १९९६ ला अटक, २००१ ला फाशी, २००६ ला सर्वोच्च न्यायालयात कायम, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप केली. कारण काय, तर सरकारने उशीर केला! पुण्यातल्या बीपीओत काम करणाऱ्या मुलीच्या खुनाचं २००७ चं प्रकरण तसंच. फाशीची जून २०१९ ची तारीख ठरली होती, वॉरंट निघालं होतं, आणि पुन्हा उशिराच्या मुद्द्यावर पस्तीस वर्षांची कैद. फायली दाबून बसले बाबू, फायदा खुन्याला. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

टेक्सासकर:
मी ह्यूस्टनच्या उत्तरेला राहतो, कॉनरो इथून गाडीने जवळ आहे. पेरीचा गुन्हा ऑक्टोबर २००१ चा, शिक्षेची अंमलबजावणी १ जुलै २०१० ची. अमेरिकेतही काही पटकन होत नाही.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. या दोघांचा खटला चालला तेव्हा टेक्सासात 'पॅरोल नसलेली जन्मठेप' नव्हतीच, ती २००५ मध्ये आली. म्हणजे ज्युरीपुढे दोनच वाटा, मृत्यू किंवा कधीतरी बाहेर येणारा कैदी. दुसरा आरोपी जेसन बर्केट याला जन्मठेप मिळाली, २०४१ मध्ये पॅरोलला पात्र होईल. तो वाचला कशामुळे? त्याचा बाप स्वतः कैदी. त्याने साक्षीला येऊन हात जोडले, मीच बाप म्हणून नालायक होतो, पोराला मारू नका. ज्युरीतल्या दोघींना पाझर फुटला. रडायला कोण आलं यावर जीव ठरतो, हे मला आजही पचत नाही.

तसंच 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) बघा. डॅलसमध्ये १९७६ साली पोलिसाचा खून झाला, रँडल अ‍ॅडम्सला मृत्युदंड ठोठावला गेला. मुख्य साक्षीदार सोळा वर्षांचा डेव्हिड हॅरिस. माहितीपटाने साक्षी उघड्या पाडल्या आणि १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला. आधीच शिक्षा दिली असती तर कुणाला सोडणार होते?

शिरीष_सातारा:
पुढचंही सांगा की. त्याच हॅरिसने १९८५ मध्ये आणखी एकाचा जीव घेतला आणि त्यासाठी २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. पोलिसांनी पहिल्यांदाच खरा माणूस धरला असता तर तो दुसरा जगला असता. चूक तपासाची आहे, शिक्षेची नाही.

ऋता:
तपासाचंच म्हणताय, तर आपल्याकडचं ऐका. २००३, नाशिकजवळ पाच जणांचा खून. भटक्या जमातीतले सहा जण उचलले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळेच चार जण ओळखले होते, ते दडपलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख भरपाई. काका, उशिराचा तुम्हाला राग येतो ना? तो उशीर नसता तर हे सहा जण आज नसते. मेलेल्या पाच जणांच्या घरच्यांनाही आज खरा खुनी कोण ते माहीत नाही. भटक्यांची पालं दिसली की पोलिसांना आरोपी आयते मिळतात, यावर इथे कुणी धागा काढत नाही.

शिरीष_सातारा:
म्हणजे आता पोलीस, जात, भटके सगळं माझ्या अंगावर टाकणार? माझ्या भावाच्या खुनाचे साक्षीदार गावातलेच आहेत, आरोपीही गावातलाच. कुणी पालातला उचलून आणलेला नाही. पुस्तकी बोलणं सोपं असतं. तुमच्या घरात असं झालं असतं तर कळलं असतं.

ऋता:
माझ्या घरात काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही. माझे वडील तुरुंग खात्यात हवालदार होते. एका फाशीच्या वेळी त्यांची ड्यूटी लागली होती. आदल्या दिवशी वाळूचं पोतं टांगून तालीम होते, दोर ताणला जातो. त्या तालमीत ते होते. सकाळी घरी आले, अंगणातच आंघोळ केली, कपडे पुन्हा घातले नाहीत. नोकरी चालूच राहिली, पण रात्री जेवताना पाण्याचं भांडं खाली पडलं तरी दचकून उठायचे. सरळ खाली दार उघडतं तो आवाज, एवढंच एकदा आईला म्हणाले. तो माणूस दोषीच होता, वडिलांना त्याच्याबद्दल काडीची दया नव्हती. फ्रेड अ‍ॅलन बोलायला लागला तेव्हा मला ते अंगण दिसलं. फाशी मागायला सगळा गाव असतो, खटका ओढायच्या वेळी मात्र कुणाच्या तरी बापालाच पाठवतात.

भालचंद्र_काका:
हे मात्र मला माहीत नव्हतं. मत बदललं असं समजू नकोस, पण वडिलांचं जे झालं ते व्हायला नको होतं.

शिरीष_सातारा:
ऋता, घरावर गेलो ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. मावशीला मरेपर्यंत जन्मठेप चालेल का, हे मीच तिला विचारलंय. म्हणाली, आधी केस तर उभी राहू दे. तिला फाशी का हवी? जन्मठेप झाली की वशिल्याने पॅरोल, फर्लोची रजा, सुटका, असं तिला गावात सगळे सांगतात. आत गेलेला आतच राहील याची खात्री कुणी देईल का?

अ‍ॅड_माई:
कायद्यात ती सोय आहे. २००८ पासून सर्वोच्च न्यायालय सूट न देता ठरावीक वर्षं किंवा मरेपर्यंत कैद अशी शिक्षा देत आलंय. काकांनी सांगितलेली पस्तीस वर्षं त्यातलीच. पण ती सत्र न्यायालय देत नाही, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच देतं. म्हणून खालच्या कोर्टात लोक फाशीच मागतात, दुसरं काही पक्कं दिसत नाही. फाशीविरुद्ध बोलणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

शिरीष, मावशींनी स्वतःचा वकील दिलाय का? सरकारी वकिलाला मदत म्हणून कोर्टाच्या परवानगीने देता येतो. आरोपी साक्षीदारांवर दबाव आणत असेल तर जामीन रद्द करायचा अर्ज करा. बाजारात समोरून येतो एवढं पुरणार नाही. धमकी कुणी, कधी, कुणासमोर दिली ते लिहून ठेवा.

शिरीष_सातारा:
वकील दिलाय माई. केस बोर्डावर येते आणि पुढची तारीख पडते. मागच्या खेपेला साक्षीदार सकाळपासून बसून होता, जजसाहेब रजेवर. आता तो म्हणतोय मजुरी बुडते, येणार नाही. धमकीचं मात्र आजच विचारतो त्याला.

अ‍ॅड_माई:
साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मागता येतो. पुढच्या तारखेला सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्यायला सांगा, आणि तो हजर होता याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, झाली की नाही ते बघा. झाली नसेल तर त्याची नक्कल मागवा आणि मला मेसेज करा.