ऊन लागणं आणि उष्माघात, एकच का?

चेंदणीकर:
ठाण्यात सध्या जो तो म्हणतोय ऊन लागलं. रिक्षात बसल्या बसल्या डोकं दुखलं तरी ऊन लागलं, पोराला उलटी झाली तरी ऊन लागलं आणि स्टेशनबाहेर माणूस आडवा पडला तरी ऊन लागलंच. पेपरात मात्र उष्माघात छापतात. मग हे दोन्ही एकच, का ऊन लागणं हलकं आणि उष्माघात भारी? आमच्या आईकडे अजून दोन शब्द आहेत, उन्हाळी लागणं आणि उष्णता होणं.

मूळ_वर्धा:
आमच्याकडे विदर्भात लू लागते, आणि लोक खिशात कांदा घेऊन फिरतात. लू म्हणजे मे महिन्यातला तो कोरडा तापलेला वारा, इथे खाडीकाठी तसा वारा नाही म्हणून हा शब्दही कुणाच्या तोंडी नाही, इथे उकाडा. पण उकाडा शब्द ऐकून इथलं प्रकरण सौम्य आहे असं समजू नका हं. वर्ध्यात घाम येतो आणि वाळतो, इथे तो नुसता निथळतो, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, आल्यामुळे नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला किमान ४० अंश धरलेत आणि किनारपट्टीला ३७ (शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवं).

घणसोलीवाली:
मी नर्स आहे, रोज हे शब्द ऐकते. चेंदणीकर दादा, उन्हाळी लागणं आधी बाजूला काढा, पाणी कमी पडून लघवीला जळजळतं त्याला म्हणतात ते. उष्णता होणं तर तोंड येण्यापासून घोळणा फुटण्यापर्यंत कशालाही म्हणतात, त्यातून आम्हाला काहीच कळत नाही.

ऊन लागणं या एका शब्दात दोन वेगळ्या अवस्था कोंबल्यात आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. पहिलीत भरपूर घाम, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, अंगातलं त्राण गेलेलं, पण माणूस भानावर असतो, नाव विचारलं तर नीट सांगतो. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घोट घोट, बहुतेक जण तासाभरात सावरतात. नाही सावरला तर दवाखाना. दुसरी अवस्था म्हणजे उष्माघात, शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम. माणूस बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. घरात थर्मामीटर शोधत बसू नका, बरळतोय एवढं पुरे. आणि उष्माघातात अंग कोरडं पडतं हे सगळ्यांना पाठ आहे पण उन्हात राबणाऱ्याला घाम चालू असतानाही होतो, त्यामुळे घाम आहे म्हणजे ठीक आहे असं अजिबात धरू नका.

रबाळे_शिफ्ट:
ऊन शब्दावर माझा आक्षेप वेगळाच आहे. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ उभ्या माणसाला सूर्य दिसतसुद्धा नाही, तो म्हणतो मी कुठे उन्हात गेलो, आणि काम करत राहतो. बेकरीवाले, इस्त्रीवाले, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळ्यांचं तेच. त्या मानाने उष्माघात शब्द चांगला, त्यात ऊन नाहीच, उष्मा आणि आघात.

चेंदणीकर:
पण आघात म्हटल्यावर लोकांना पक्षाघात आठवतो, एकदम कोसळायचं असं वाटतं.

घणसोलीवाली:
हो ना! म्हणून आधीच्या चक्कर-मळमळीकडे कुणी बघत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला, त्यात १४ जीव गेले, आणि तापमान ३८ च्या आसपास होतं हो. ४५ नाही. लाखो माणसं उघड्या मैदानात तासन् तास बसलेली.

रबाळे_शिफ्ट:
ताई, बरळायला लागला तर अँब्युलन्स येईपर्यंत काय करायचं? क्रोसिन?

घणसोलीवाली:
क्रोसिन नको, हा ताप इन्फेक्शनचा नाही, गोळीने उतरत नाही. १०८ लावा आणि फोन चालू असतानाच अंग गार करायला घ्या, थांबायचं नाही. कपडे काढा, अंगभर पाणी ओता, जोरात पंखा, मान, काखा आणि जांघेत बर्फ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. कांदा नाकाला लावत बसू नका, तेवढी मिनिटं पाणी ओतण्यात घालवा. आणि १०८ ला "ऊन लागलंय" म्हणू नका, "अंग भाजतंय आणि बरळतोय" असं सांगा.

मूळ_वर्धा:
बरळतोय हा शब्द इथल्या पोरांना माहीत असेल का पण? माझा मुलगा "काहीतरी येडपटासारखं बोलतोय" म्हणेल.

घणसोलीवाली:
चालेल की, तसंच सांगायचं. नाक्यावरच्या मजुरांत मराठी बोलणारे कमीच, ते "उल्टासीधा बोल रहा है" म्हणतात, तेही तेवढंच नेमकं आहे. रबाळे दादा, शेडमध्ये पाटी लावाल तर हिंदीतही लावा.