'मतमाउली'मधलं 'मत' म्हणजे काय? आणि ख्रिश्चन पिल्ग्रिमेजला वारी म्हणायचं का यात्रा?

रविवारपेठी: आमच्या विमाननगरच्या ऑफिसात एकजण आहे, श्रीरामपूरकडचा, ख्रिश्चन. दर सप्टेंबरला सुट्टी टाकतो आणि कारण एकच, "हरेगावला यात्रेला जायचंय". यंदा त्याच्या स्टेटसला 'मतमाउली यात्रा' वाचलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. हे 'मत' कुठलं? वोटिंगचं तर नक्कीच नाही. शिवाय परवा एका पेपरात स्पेनमधल्या त्या फेमस चालण्याला 'स्पेनची वारी' लिहिलं होतं, ते काही पटलं नाही. जाणकारांनी सांगावं.

कॅम्पातली: मतमाउली म्हणजे मारियामाता. 8 सप्टेंबर हा तिचा जन्मदिन म्हणून सगळं सप्टेंबरात असतं. बांद्र्याच्या माउंट मेरीला जुने लोक 'मोत माउली' म्हणतात ते ऐकलंय का? हा तोच शब्द, 'मोत'चं 'मत' झालंय.

रविवारपेठी: आणि मोत म्हणजे?

नगरी पाव्हणा: इथे दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते की पोर्तुगीजमध्ये डोंगराला 'मोंत' म्हणतात, देऊळ टेकडीवर, म्हणून मोंत माउली, अनुस्वार गळाला आणि मोत राहिलं. दुसरी पार्टी म्हणते मोती माउली, कारण मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली अशी कथा सांगतात, 1760 च्या आसपासची, एका कोळ्याला आधी स्वप्न पडलं होतं म्हणे. मला स्वतःला पहिली पार्टी पटते, माउंट मेरी हे इंग्रजी नाव पण डोंगरावरूनच आलंय ना. पण मोतीवाल्यांना उगाच हसू नका, परका शब्द तोंडात बसला की लोक त्याला आपला अर्थ चिकटवतातच, आणि एकदा चिकटला की तोही खराच होऊन बसतो. हरेगावात डोंगर शोधून सापडणार नाही, बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव ते, आजूबाजूला नुसता ऊस. म्हणजे डोंगर मागे राहिला आणि नाव तेवढं पुढे आलं.

मला खरं तर 'माउली'ची जास्त गंमत वाटते. आपण पुण्यात माउली म्हटलं की आळंदी, आणि ते पुरुष! वारीत तर कोणीही कोणालाही माउली म्हणतं, पोलिसालासुद्धा. इथे शब्द खऱ्याखुऱ्या आईलाच लागलाय, त्यामुळे ताणाताण करायची गरजच नाही पडली.

नाना पेठ: नगरीशेठ, भारी. भर म्हणून, तुकोबांची पालखी मुक्कामाला असते ते निवडुंग्या विठोबाचं देऊळ आमच्या नाना पेठेत, आणि क्वार्टर गेटचं सिटी चर्चही इथलंच, 1792 चं, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. एकाच पेठेत दोन्ही माउल्या.

आता वारीबद्दल. पेपरवाले 'वारी' कुठेही वापरतात, मंत्र्याची दिल्ली वारी, क्रिकेटरची दुबई वारी, त्यातलीच ही स्पेनची. पण वारीत येरझार आहे, दर वर्षी ठरल्या तिथीला जायचं, नेम चुकवायचा नाही. सान्तियागोला, म्हणजे स्पेनमधल्या त्या चालण्याच्या शेवटच्या गावाला, लोक बहुतेक आयुष्यात एकदा जातात, आणि केव्हाही निघतात, कुठूनही निघतात. फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-जाँ-प्ये-द-पोरहून निघालात तर साधारण 780 किमी, पण सर्टिफिकेटसाठी शेवटचे 100 किमी पायी चाललात तरी पुरतं, सायकलने 200. मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्टसारख्या पुस्तिकेवर शिक्के मारून घ्यायचे, पाठपिशवीला शिंपला बांधायचा, भिंतीवर दगडावर पिवळे बाण रंगवलेत ते बघत चालायचं. ह्याला तिकडचे लोक 'कमीनो' म्हणतात, म्हणजे शब्दशः वाट. मग सरळ 'सान्तियागोची वाट' लिहा ना, किती छान मराठी आहे. क्रुसाची वाट हा शब्द तर आहेच आपल्याकडे, उपवासकाळात चर्चमध्ये चौदा स्थानांची प्रार्थना करतात ती.

रविवारपेठी: मग तामिळनाडूतलं मारियामातेचं वेलांकनी? तिकडे तर भगवे कपडे घालून चालत जाणारे बघितलेत.

नाना पेठ: हो ते वारीच्या बरंच जवळ आहे, मान्य. 29 ऑगस्टला झेंडा चढतो, 8 सप्टेंबरला सण, लोक दर वर्षी जातात, नवस बोलतात. त्याला कोणी वारी म्हटलं तर मी भांडणार नाही.

कॅम्पातली: आणि यात्रा-जत्रा एकच हं मुळात, यात्राचंच घासून जत्रा झालं. पण वापरात फरक पडलाय. बांद्र्याला आम्ही जत्रा म्हणतो, 8 तारखेनंतरच्या रविवारपासून आठ दिवस, तुफान गर्दी, चढावर दोन्ही बाजूंनी स्टॉल. मेणाच्या वस्तू मिळतात तिथे, हात, पाय, घर, छोटं बाळ. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला फ्लॅट पाहिजे तो घर घेतो आणि वर नेऊन वाहतो. हरेगावला मात्र कोणी जत्रा म्हणताना मी ऐकलं नाही, तिथे यात्राच. पायी दिंड्याही येतात, आणि दिंडी हाच शब्द वापरतात.

एक प्रॉटेस्टंट: थोडं वेगळं सांगतो. वरचं सगळं कॅथलिक लोकांचं झालं. आमच्यात यात्रा, नवस हा प्रकारच नाही, प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने तेव्हाच झोडपलं होतं त्याला. पण गंमत अशी की 'यात्रिक' हा शब्द आमच्याकडे खूप चालतो, उपदेशात, गाण्यात, कारण माणूस ह्या जगात यात्रिक. इंग्रज लेखक बनियनच्या पिल्ग्रिम्स प्रोग्रेस ह्या पुस्तकाचं हरि केशवजींनी 1841 मध्ये मराठी केलं तेव्हा नावच 'यात्रिकक्रमण' ठेवलं. म्हणजे शब्द घेतला आणि गाव वगळलं, असं म्हणा हवं तर.

नगरी पाव्हणा: वा सर, हे मस्त. ह्यावरून आठवलं, पिल्ग्रिमचं मूळ लॅटिन 'पेरेग्रिनुस', अर्थ परका, परमुलखातला. आपल्या यात्रेकरूत जाणं महत्त्वाचं आणि त्यांच्यात परकं होणं, म्हणून तो मुक्तिमार्गावरचा यात्रिक तिथे फिट बसतो. इटालियन कवी दान्तेने तर तीन वेगळी नावं सांगितलीत, जेरुसलेमला जाऊन खजुराची फांदी आणणारे पाल्मिएरी, सान्तियागोवाले पेरेग्रिनी आणि रोमला जाणारे रोमेई. आपल्याकडे नाही का, पंढरीचा तो वारकरी, शिंगणापूरचा कावडवाला, नर्मदेचा परिक्रमावासी. सगळ्यांना एक 'भाविक' चिकटवून मोकळं होणं हे न्यूज चॅनेलचं काम.

रविवारपेठी: आणि 'तीर्थयात्रा'? तीर्थ तर नदीशी संबंधित ना?

नाना पेठ: मूळ अर्थ उतार, घाट, पण आता कोण पाणी बघतं. आणि फ्रान्समधल्या लूर्दला तर पाणी पण आहे. 1858 मध्ये बेर्नादेत नावाच्या मुलीला मारियामातेचं दर्शन झालं, झरा लागला, आजही लोक बाटल्या भरभरून ते पाणी घरी आणतात. ह्याला तीर्थ नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

माझा राग आहे तो 'शवप्रदर्शन' ह्या शब्दावर. गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष दर दहा वर्षांनी खाली आणतात, मागच्या वेळी 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025, आणि मराठी पेपरात मथळा काय, तर शवप्रदर्शन. इंग्रजी एक्सपोझिशनचं केलेलं कोरडं भाषांतर. लोक तिथे रांगा लावून दर्शन घ्यायला जातात हो, प्रदर्शन बघायला नाही. 'अवशेष-दर्शन' लिहायला काय जातंय?

कॅम्पातली: शंभर टक्के. गोव्यातले लोक तर त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात, आणि तुम्ही शव!

रविवारपेठी: धन्यवाद मंडळी, यात्रा फायनल. शेवटचं एक, नोव्हेना, म्हणजे ती नऊ दिवसांची प्रार्थना, तो की ती? ऑफिसातला 'नोव्हेना सुरू झाला' म्हणतो.

कॅम्पातली: मी तरी ती म्हणते, आमच्या घरात सगळे 'नोव्हेना सुरू झाली'च म्हणतात. श्रीरामपूरकडे तो असेल तर असू दे, दिवस नऊच भरतात.